१६०० किमी, २४ तास आणि पावत्यांचं पाकीट: पहिली सॅडल सोर राईड कशी करायची

घरी पहिल्यांदा सांगितलं की मला 'आयर्न बट'चं सर्टिफिकेट काढायचंय, तेव्हा आई म्हणाली म्हणजे काय रे? म्हणलं लोखंडी बूड. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण लग्नाचं वय झालेल्या पोराने करायचे धंदे हे नाहीत असा एकंदर सूर होता.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन म्हणून लांब पल्ल्याच्या बाईकवाल्यांची संस्था आहे, शॉर्टमध्ये आयबीए. त्यांची मोठी रॅली १९८४ ला सुरू झाली, ११ दिवसांत साधारण ११,००० मैल म्हणजे १७,७०० किमी. तिथे आपण एकदम जाऊन उभं राहू शकत नाही. त्या घराची पहिली पायरी म्हणजे सॅडल सोर, २४ तासांच्या आत १००० मैल, म्हणजे १६०९ किमी. आपल्याकडे सगळे तिला सॅडल सोर १६००के म्हणतात. ही कोणाविरुद्ध रेस नाही, तुम्ही आणि घड्याळ, बास. आपल्या गावातून आपल्या बाईकवर करता येते, पुरावे नीट ठेवले की पाठवायचे, त्यांनी तपासले की सर्टिफिकेट आणि मेंबर नंबर.

मी पहिल्यांदा फेल गेलो आणि दुसऱ्यांदा २३ तास ३१ मिनिटांत केली. बाईक तीच, रस्ता तोच. जे बदललं ते खाली लिहितो.

१. आधी वहीवर हिशोब, मग बाईक

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलला कमाल स्पीड ८० आहे. म्हणजे १६०० किमीला न थांबता २० तास, आणि घाट, गावं, डायव्हर्जन धरून खरी सरासरी ७५ पकडली तर साडेएकवीस तासांच्या आसपास. राहिले किती? अडीच तास. या अडीच तासांत पेट्रोल, पाणी, जेवण, लघवी, झोप, पंक्चर सगळं. बहुतेक जण इथे म्हणतात मग जरा रेटू, १२० ने जाऊ. तसं केल्याने ई-चलान येतं, पेट्रोल धपाधप संपतं, पंपावर जास्त वेळा थांबावं लागतं आणि संध्याकाळी पाचला अंगातला जीव गेलेला असतो. आयबीएला तुमच्या टॉप स्पीडचं काडीचं कौतुक नाही.

पहिल्या वेळी मी पहाटे पाचला पुण्याकडून बंगळूरच्या दिशेने निघालो होतो. घरी आल्यावर थांब्यांची यादी काढली ती अशी: साताऱ्याला चहा २५ मिनिटं, निपाणीला नाश्ता ५०, हुबळीच्या पंपावर रांग आणि एका मित्राचा फोन मिळून २०, दावणगिरीला बेन्ने डोसा ४५, टोकाची, म्हणजे जिथून परत वळायचं तिथली पावती मिळवायला ३५, तुमकूरला थट्टे इडली ३०. बेरीज ३ तास २५ मिनिटं, आणि ही नुसती अर्ध्या रस्त्याची! प्रत्येक थांबा तेव्हा 'पाचच मिनिटं' वाटला होता. रात्री पाऊण वाजता परतीच्या वाटेवर हुबळीला पोचलो तेव्हा ४५० किमी बाकी आणि हातात सव्वाचार तास. पंपाच्या कट्ट्यावर हेल्मेट उशाला घेऊन झोपलो ते सकाळी साफसफाईवाल्याने उठवलं.

दुसऱ्या वेळी सगळे थांबे मिळून दीड तास. फरक एवढाच.

२. रस्ता निवडा, आणि मॅपवर दोनदा मोजा

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे आणि समृद्धी या दोन्हींवर टू-व्हीलरला बंदी आहे. दरवर्षी कोणीतरी समृद्धीवरून प्लॅन टाकतं आणि आदल्या दिवशी कळतं.

पुण्याकडच्या लोकांसाठी सोपा रस्ता म्हणजे एनएच ४८ ने बंगळूरच्या तोंडापर्यंत जाऊन परत. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर. जाणं-येणं एकच असल्यामुळे येताना रस्ता, पंप, खड्डे ओळखीचे असतात, थकलेल्या डोक्याला याचा फार उपयोग होतो.

आता ट्रॅप. बंगळूर शहरात शिरायचं नाही, ट्रॅफिकमध्ये दीड तास सहज जातो, म्हणून लोक शहराच्या अलीकडे नेलमंगलालाच मागे वळतात. ते बरोबरच आहे, पण कात्रजवरून निघून नेलमंगलाला वळलात तर येऊन-जाऊन १६०० च्या आसपासच भरतं, म्हणजे १६०९ ला दोन-चार किमी कमी पडायची पूर्ण शक्यता. एवढं मरमर करून असं घोडं अडलं तर काय तोंड दाखवणार. म्हणून मी देहूरोडवरून सुरुवात केली, तिकडचा बायपास जमेस धरून एका बाजूला सुमारे ८३० किमी, मॅपवर एकूण १६५८. बाईकच्या ओडोमीटरवर विसंबू नका, तो थोडं जास्तच दाखवतो, आणि तपासणारे लोक मॅपचं अंतर धरतात. कमीत कमी ४०-५० किमी जास्तीचे ठेवाच.

३. तारीख

पावसाळा आणि एप्रिल-मे सोडून बाकी सगळं चालेल असं लोक सांगतात. मी त्यात भर घालतो, उसाचा हंगाम. कारखाने सुरू झाले की संकेश्वरपासून कऱ्हाडपर्यंत रात्री उसाच्या जोडट्रॉल्या हायवेवर असतात, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टरवर स्पीकर इतका मोठा की हॉर्न ऐकू जाणार नाही. आणि नेमका हाच पट्टा तुमच्या वाट्याला रात्री दहा ते एक येतो. त्यामुळे मला विचाराल तर दसऱ्याच्या आसपास, पाऊस उघडल्यावर आणि गाळप जोरात यायच्या आधी. परतीचा पाऊस एखादी सर देऊन जाईल, तेवढं चालतं.

वार मधला घ्या. शनिवारी सकाळी खेड शिवापूरला अर्धं पुणे असतं.

४. बाईक

नवीन बाईक घ्यायची गरज नाही. माझी हिमालयन ४११ आहे, पाठीत दुखत नाही आणि ८० ला ती निवांत असते, झालं. १५ लिटरची टाकी, ३०० किमीपर्यंत काळजी नाही. छोट्या टाकीची बाईक असेल तर पंपाचा हिशोब तुमचा तुम्ही करा, बाकी सगळं तेच.

राईडच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. हे ठळक अक्षरात वाचा. पंधरा दिवस आधी करा आणि त्यावर ३००-४०० किमी चालवून बघा. पहिल्या वेळी मी आदल्या संध्याकाळी चेन टाईट करून घेतली, मेकॅनिकने जरा जास्तच टाईट केली, शिरवळपर्यंत कर्रकर्र ऐकत गेलो आणि मग टपरीसमोर पाने काढून बसलो.

हिमालयनला तारांची चाकं म्हणजे ट्यूब. ट्यूबलेसवाल्यांनो तुम्ही सुखी आहात, पंक्चरचं एक स्ट्रिप किट आणि छोटा पंप पुरे. ट्यूबवाल्यांनी मागची-पुढची दोन्ही स्पेअर ट्यूब आणि टायर लिव्हर घ्यायच्या आणि मुख्य म्हणजे घरी एकदा स्वतः चाक काढून ट्यूब बदलून बघायची. मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले, बोटं सोललेली, तिसऱ्यांदा ४० मिनिटं. रस्त्यावर पहिल्यांदा शिकायला गेलात तर राईड तिथेच संपली.

टायर निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. क्लच केबल एक जादा घ्या. चेनचा स्प्रे, फ्यूज, केबल टाय, इन्सुलेशन टेप. यापेक्षा जास्त सामान म्हणजे भीती बरोबर घेऊन फिरणं.

५. बूड, पोट आणि बाकी शरीर

जाडजूड शिवण असलेली अंडरवेअर घालू नका. हसू नका, ७०० किमीनंतर ती शिवण ब्लेडसारखी लागते. सायकलवाल्यांची पॅडवाली शॉर्ट्स आत आणि मांड्यांना पेट्रोलियम जेली, मी खोबरेल लावलं होतं तेही चाललं. टॅक्सीवाले वापरतात ते लाकडी मण्यांचं कव्हर सीटवर टाकलं होतं, दिसायला गबाळं पण खालून हवा खेळते.

खाण्याची अडचण अशी की हा सगळा रस्ताच खाण्याचा आहे. साताऱ्याचे कंदी पेढे, कोल्हापूरचा रस्सा, बेळगावचा कुंदा, दावणगिरीचा डोसा. यातलं काहीही पोटभर खाल्लं की पुढच्या तासात डोळे मिटायला लागतात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, चिक्की टँक बॅगेत ठेवा आणि प्रत्येक पंपावर थोडं थोडं खा. एकच बसून जेवण, तेही दहीभात किंवा इडली, वीस मिनिटांत. पाणी पाठीवरच्या नळीवाल्या पिशवीतून चालता चालता, त्यात ओआरएसचं एखादं पाकीट. आदल्या चार दिवसांपासून चहा-कॉफी कमी केलीत तर रात्री अकराला घेतलेली एक कॉफी खरंच काम करते, नाहीतर दिवसभर दहा कप ढोसून तिचा काही उपयोग होत नाही.

आणि आदल्या रात्री झोप. आठला आडवं व्हायचं. मित्रांनी 'बेस्ट लक'ची पार्टी ठेवली तर राईड झाल्यावर या म्हणावं.

६. कागदपत्रं

रस्त्यासाठी:
- लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजीलॉकरमधले चालतात, पण फोन मेला तर? म्हणून झेरॉक्सचा एक संच प्लास्टिकमध्ये.
- रक्तगट, घरचा नंबर, मेडिक्लेमचा नंबर असलेलं कार्ड, जॅकेटच्या वरच्या खिशात.
- ११२ आणि हायवेचा १०३३ फोनमध्ये सेव्ह.

आयबीएसाठी:
- सुरुवातीची, शेवटची आणि मधली प्रत्येक पेट्रोलची पावती, तारीख, वेळ आणि ठिकाण छापलेली.
- टोकाची, म्हणजे जिथून वळलात तिथली पावती. ती नसेल तर तुम्ही तिथवर गेलात हे कशावरून?
- रायडिंग लॉग: प्रत्येक थांब्याला वेळ, ठिकाण, ओडोमीटर.
- साक्षीदारांच्या सह्या. मी सुरुवातीला शेजारच्या काकांची घेतली, ते बिचारे पहाटे तीनला मफलर बांधून पंपावर आले होते. फॉर्म आणि त्या वेळचे नियम आयबीएच्या साइटवरून ताजे डाउनलोड करा, दुसऱ्याने फॉरवर्ड केलेली जुनी पीडीएफ वापरू नका.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. तुमची इन्शुरन्स पॉलिसी काढा आणि 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' वाचा. आपल्याकडच्या टू-व्हीलर पॉलिसीत आयोजित रेसिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांना कव्हर नसतं. तुम्ही एकटे कायद्यात राहून हायवेवर चाललात तर तो साधा प्रवास आहे, पण दहा जणांनी बॅनर, स्टिकर आणि टायमर लावून त्याचा इव्हेंट केला आणि काही झालं तर वाद घालत बसायची वेळ येऊ शकते. एजंटला आधीच विचारा, लेखी.

७. पावती हेच खरं सर्टिफिकेट

कारवाल्यांचं बरं असतं, फास्टॅगमुळे प्रत्येक टोलनाक्याची वेळ आपोआप नोंदली जाते. आपण डाव्या कडेच्या बोळातून फुकट जातो, म्हणजे पुरावा शून्य. त्यामुळे सगळी मदार पंपावर.

आणि पंपावर काय काय होतं बघा. बिलाचं मशीन बंद असतं. रोल संपलेला असतो. मशीनचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे असतं. कार्डच्या स्लिपवर पंपाचा पत्ता भलत्याच शहराचा छापून येतो. हाताने लिहिलेलं बिल देतात ज्यावर वेळच नसते. नेलमंगलाला पहिल्या वेळी माझी ३५ मिनिटं यातच गेली, तीन पंप फिरलो.

म्हणून:

सुरुवातीचा आणि शेवटचा पंप एकच ठेवा आणि दोन दिवस आधी तिथे शंभराचं पेट्रोल टाकून पावती काढून बघा. वेळ बरोबर आहे का, गावाचं नाव आहे का, पहाटे तीनला चालू असतो का. तुमचे २४ तास त्या पावतीवरच्या वेळेपासून मोजतात, तुम्ही गिअर टाकल्यापासून नाही. म्हणजे आधी टाकी भरा, चेन, हवा, हातमोजे, फोटो सगळं उरका आणि पावती सगळ्यात शेवटी घ्या. माझ्या पावतीवर ३:१२ आणि ३:१३ ला मी रस्त्यावर.

पेट्रोल भरायच्या आधी विचारा बिल येतं का, नसेल तर पुढचा पंप. कर्नाटकात 'बिल कोडी' एवढे दोन शब्द पाठ करा, हसून देतात. बिल नाहीच मिळालं तर जवळच्या एटीएममधून शंभर रुपये काढा, त्या स्लिपवर तारीख, वेळ, ठिकाण असतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडीला ठेवा पण नुसत्या त्यावर भागवू नका.

पावती हातात आली की तिथेच त्यावर पेनाने ओडोमीटर लिहा, पावती मीटरच्या काचेवर धरून फोटो काढा आणि झिपवाल्या पिशवीत टाका. हे थर्मल कागद घामाने आणि उन्हाने कोरे होतात, तुमचा दिवसभराचा घाम अक्षरशः पुसला जातो.

घरच्यांसाठी व्हॉट्सॲप लाईव्ह लोकेशन लावा, पण ते एका वेळी आठच तास चालतं. दोनदा परत चालू करायला विसरलात तर घरी रडारड.

८. प्रत्यक्ष राईड

माझे थांबे असे होते: कागल, हावेरी, नेलमंगला, परत हावेरी, परत कागल, देहूरोड. मध्ये तुमकूरला जेवण. सगळे २५० ते ३०० किमीच्या टप्प्यात.

पंपावरचा क्रम ठरवून घ्या आणि तोच पाळा. बाईक लावली, बिल विचारलं, टाकी भरली, पावती, फोटो, लॉग, बाईक बाजूला, बाथरूम, दोन लाडू, पाठ-मान जरा मोकळी, चेनवर एक नजर, निघाले. माझे ९-१० मिनिटं. हेल्मेट काढलं की गप्पा सुरू होतात, कुठून आलात, ॲव्हरेज किती देते, म्हणून बाथरूमपुरतंच काढायचं. थोडं माणूसघाणं वाटेल, एक दिवस चालतं.

खंबाटकी पहाटे चढलो, परत येताना बोगद्यातून. मी गेलो तेव्हा साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीचं काम चालू होतं, डायव्हर्जनचे बोर्ड ऐन तोंडावर दिसायचे, अंधारात तिथे ५० च्या वर जाऊच नका. धारवाड-हुबळी बायपासलाही तीच कथा. परतीला शेवटी पुण्यात शिरताना नवले पुलाचा उतार लागतो, २३ तास बसलेल्या माणसाने तिथे ट्रकच्या पुढे राहायचं नाही आणि मागे चिकटायचंही नाही.

दुपारी अडीच-तीनला नेलमंगला गाठलं की अर्धं झालं म्हणून अंगात वारं शिरतं. तिथेच लोक चुकतात. अजून निम्मा रस्ता आहे आणि त्यातला बराचसा अंधारात.

९. झोप आली की

इथे जरा थांबून वाचा. ८० च्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर बाईक ६७ मीटर गेलेली असते. झोप येतेय हे अचानक कळत नाही, आधी लक्षणं दिसतात. एकाच गाण्याची एकच ओळ डोक्यात फिरते, मागचे दहा किमी आठवतच नाहीत, स्पीड विनाकारण ८० वरून ६० वर येतो. मला पहिल्या वेळी हुबळीच्या अलीकडे दुभाजकावरची कण्हेरीची झुडपं म्हणजे बसलेली माणसं वाटायला लागली होती. त्याच्याही आधी, चित्रदुर्गलाच थांबायला हवं होतं.

उजेड असलेला पंप शोधा, धाबा नको. गेल्याबरोबर कॉफी प्या, फोनवर वीस मिनिटांचा अलार्म, बाईकच्या बाजूला जॅकेटसकट आडवे व्हा. कॉफी अंगात भिनेपर्यंत झोप झालेली असते. मी दुसऱ्या वेळी रात्री पावणेअकराला कागलला हेच केलं, दीड तासाच्या हिशोबात ही वीस मिनिटं आधीच धरलेली होती म्हणून जीव वरखाली झाला नाही.

वीस मिनिटांनीही डोळे जड असतील तर राईड सोडा. तासभर झोपा, लॉज घ्या. सोडलेली राईड पुढच्या महिन्यात परत करता येते, मी केलीच की.

१०. पोचल्यावर

घरी जायचं नाही! आधी पंप, पावती, शेवटच्या साक्षीदाराची सही. २:४३ ची पावती हातात आली तेव्हा मला सहीसाठी पेन धरता येत नव्हतं, बोटं ॲक्सिलरेटरच्याच आकारात वळलेली.

दोन दिवसांत सगळ्या पावत्या स्कॅन करा, लॉग स्वच्छ उतरवा, आयबीएच्या साइटवर फॉर्म भरून पाठवा. जे झालं तेच लिहा, एखादी पावती नसेल तर नाही म्हणून सांगा आणि जोडीचा पुरावा द्या. तपासायला वेळ लागतो, रोज मेल टाकून त्यांचं डोकं खाऊ नका. पुढे खाज राहिलीच तर बन बर्नर आहे, ३६ तासांत २५०० किमी. आणि ती मोठी रॅली दर दोन वर्षांनी विषम सालात अमेरिकेत असते, तिथे नुसतं चालवणं नाही तर दिलेल्या ठिकाणांतून कुठली गाठायची हे ठरवून, फोटो काढून पॉइंट जमवायचे असतात. म्हणजे रोज एक सॅडल सोर, असे ११ दिवस, वर डोकं चालू ठेवून. मी अजून त्या वाटेला गेलेलो नाही.

आणि रायडिंग पँट धुवायला टाकायच्या आधी सगळे खिसे तपासा. माझी हावेरीची पावती आईने बादलीतून काढली, तोवर कोरी झाली होती, फोटो होता म्हणून निभावलं.